आज्ञांचा आनंद कुठून आणू?

शंका : मोहफुलांच्या दिवसांत अंधारातच घर सोडावं लागतं, पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता. सकाळची प्रार्थना घाईत उरकते किंवा राहूनच जाते. स्तोत्र 119 लिहिणारा देवाच्या नियमशास्त्रात रमतो. मला मात्र आज्ञा वाचल्या की माझ्या चुकाच दिसतात. आनंद नसताना केलेली प्रार्थना ढोंग नाही का?
— एक भगिनी, सिंदेवाही तालुका

समाधान : ताई, ढोंग नाही. ते स्तोत्र एकदा शेवटपर्यंत वाचा. हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांचे गट, एकूण 176 वचनं. त्यात हर्ष आहेच, पण तोच भक्त धुळीला मिळाल्यासारखा खचतो, लोकांची थट्टा सोसतो, रडतो. आणि अगदी शेवटच्या वचनात, मी मेंढरासारखा भटकलोय, मला शोध, अशी विनवणी करतो. आज्ञांवर इतकं प्रेम करणाऱ्यालाही हे म्हणावं लागलं. तुमचा जीव जड असेल तर जड जीवानेच बसा.

धाक वाटतो, कारण आपण वाचायला सुरुवातच आज्ञेपासून करतो. मग ती वसुलीला आलेल्या सावकारासारखी भासते. निर्गम 20 उघडा. पहिल्या आज्ञेच्या आधी देव इस्राएलाला आठवण करून देतो, की मी तुम्हाला मिसरच्या दास्यातून बाहेर काढलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. म्हणून आधी ख्रिस्ताने केलेल्या तारणाबद्दल उपकार माना, मग वचन वाचा.

वेळेचं म्हणाल, तर पहाटच हवी असं कुठे आहे? आपल्याकडच्या चांदा धर्मप्रांतातल्या सायरो-मलबार मंडळीत उपासनेचा दिवस संध्याकाळीच सुरू होतो. आधी संध्याकाळची प्रार्थना रम्शा, मग रात्रीची लिल्या, त्यानंतर सकाळची सप्रा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही संध्याकाळ आधी येते. तुम्ही कोणत्याही मंडळीच्या असा, हा क्रम घ्या. जेवणाआधी घरच्यांसोबत स्तोत्र 119 चा एक गट मोठ्याने वाचा, 22 संध्याकाळी ते पुरं होईल. त्यातलं एक वचन पाठ करून सकाळी सोबत न्या. पण अंधारात एकटीने रानात डोळे मिटून बसू नका. वाकून मोहफुलं वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले आपल्याकडे झालेले आहेत. सोबतीनेच जा, प्रार्थना चालता चालता मनात करा.

आता तेंदूपत्त्याचं. पुडक्यात 70 पानं भरायची. ऊन चढलेलं, पुडकी मोजून घेतात त्या फळीवर रांग लागलेली, चार पानं कमी घातली तर कोण मोजतो, असं मनात येतंच. लेवीय 19 मध्ये खऱ्या मापाची आज्ञा आहे. आदल्या संध्याकाळी ती प्रार्थनेत ऐकलेली असेल, तर सत्तरावं पान ठेवताना मन हलकं होतं. स्तोत्रकर्त्याचा आनंद बराचसा असाच, हाताच्या कामात सापडणारा असावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि ताई, माप एकट्या तुमच्यासाठी नाही. फळीवर मोजून घेणाऱ्याने वरचं पुडकं मागणंही त्याच आज्ञेत बसत नाही. त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवायला मनाई आहे, शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडायला सांगितलंय. ज्या नियमशास्त्राची तुम्हाला भीती वाटते, ते तुमच्या बाजूनेही बोलतं. या आठवड्यात एका संध्याकाळी हा अध्याय घरात वाचा, आणि मजुरीचं वचन मुलांकडून वाचून घ्या.