थंड कोणाला, उष्ण कोणाला?

सुझौच्या परिसरात शरद ऋतूत खेकडे वाफवून खातात, तेव्हा सोबत आल्याचे बारीक तुकडे घातलेलं काळं व्हिनेगर आणि कोमट केलेली तांदळाची दारू असते. वाफेवरून उतरलेला खेकडा हाताला चटका देतो, तरीही चिनी वैद्यकाच्या लेखी तो थंड. आलं आणि दारू उष्ण, म्हणून ती जोडी. उलट, हिरवा चहा वाफाळता प्यायला तरी थंडच. पपई उष्ण आणि सब्जा थंड म्हणणाऱ्या मराठी घरांना यात नवल वाटणार नाही. पण हे थंड-उष्ण ठरवलं कशावरून? चीनमध्ये या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षं घडत आणि बदलत आलं आहे.

हान राजवटीच्या काळात आकाराला आलेल्या ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या ग्रंथात 365 औषधी द्रव्यं आहेत. थंड, शीतल, ऊबदार आणि उष्ण असे द्रव्यांचे चार स्वभाव त्यात मानले आहेत. थंडीच्या विकाराला उष्ण औषध द्यावं, उष्णतेच्या विकाराला थंड, हा त्याचा नियम. ज्यानं तहान, लाली, दाह उतरतो ते थंड. ज्यानं गारठलेल्या हातापायांत ऊब येते ते उष्ण. म्हणजे स्वभाव ठरवायचा तो शरीरावर दिसणाऱ्या परिणामावरून. आजारी माणूस आधी, द्रव्याचं नाव नंतर. या विचारातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, असं मला वाटतं.

इ.स. 200च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्यानं तापांवर ग्रंथ लिहिला. त्यात दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, आलं, ज्येष्ठमध, लाल बोरं आणि पिओनीचं मूळ यांचा काढा आहे. काढा घेतल्यावर थोड्या वेळानं गरम पातळ पेज प्यावी, पांघरूण घ्यावं, अंगाला हलका घाम सुटू द्यावा. घामाच्या धारा मात्र लागू देऊ नयेत. कच्चं, गार, चिकट, मांस आणि दारू वर्ज्य. इथे पेज पथ्यापुरती राहत नाही, ती उपचाराचाच भाग होते. आणि किती ऊब पुरे, हे रोग्याचा घाम सांगतो.

सातव्या शतकात सुन सिमियाओ या वैद्यानं याहून मोठं पाऊल उचललं. वैद्यानं आधी आजाराचं कारण ओळखावं, मग आहारानं उपचार करावा आणि तो निष्फळ ठरला तरच औषधाकडे वळावं, असं त्यानं लिहिलं. औषधं त्याला सैन्यासारखी उग्र वाटत. विचार असा स्वयंपाकघरात आला, तेव्हा ‘सम’ या पाचव्या स्वभावाचं महत्त्व वाढलं. तांदूळ सम. रोजचं जेवण समाच्या आसपास ठेवायचं आणि ऋतू व प्रकृती पाहून त्याला थोडा कल द्यायचा.

ली शिझेन या वैद्याचा ‘बेनत्साओ गांगमू’ हा ग्रंथ 1596 मध्ये छापला गेला. त्यात 1892 नोंदी आहेत. तोवर हे शास्त्र फार बारकाव्यात शिरलं होतं. ओलं आलं ऊबदार, सुंठ उष्ण, तर आल्याची साल थंडाव्याकडची. रेहमानिया या वनस्पतीचं कच्चं मूळ थंड, तेच दारूत पुन्हा पुन्हा वाफवलं की ऊबदार. अमेरिकेतून आलेली मिरची लीच्या ग्रंथात नाही. अठराव्या शतकातल्या झाओ श्वेमिनच्या पुरवणीत तिला जागा मिळाली. अनोळखी पदार्थालाही सामावून घेण्याइतका हा विचार जिवंत होता.

दमट ग्वांगडोंगमध्ये त्यातूनच ‘थंड चहा’ रुजला. नाव चहाचं असलं तरी हा औषधी वनस्पतींचा काढा. लिची किंवा तळलेलं खाऊन तोंड आलं, घसा धरला की लोक दुकानात उभ्या उभ्या तो पीत. त्यातलं 1828 पासूनचं एक नाव पुढे गोड पेयाच्या लाल डब्यातून देशभर पोचलं. डब्यातलं पेय मात्र सगळ्यांना एकच. समोर कोण उभं आहे, हे ते विचारत नाही. 2010 मध्ये तर मूग जवळपास सर्व रोगांवर उपाय असल्याचं सांगणारा एक आहारगुरू दूरचित्रवाणीवर गाजला, आणि पुढे त्याची पात्रताच खोटी निघाली. मूग थंड, हे परंपरेचंच म्हणणं. पण कोणाला, कधी, किती, हे प्रश्न त्याच्या सांगण्यातून गळले होते.

आधुनिक विज्ञान इथे थोडंच सोबत करतं. शरीराला उष्णता कशी जाणवते, याचा शोध डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मदतीनं घेतला आणि त्यांना 2021 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मिरची ‘गरम’ का लागते हे त्यातून कळतं. खेकडा थंड का, हे कळत नाही. म्हणून थंड-उष्णाच्या याद्यांना रोगनिदानाची जागा देऊ नये आणि गंभीर आजारात त्यांच्यावर विसंबू नये.

तरीही ही परंपरा मला जपण्याजोगी वाटते, ती तिच्यातल्या प्रश्नासाठी. अमुक अन्न चांगलं की वाईट, असं ती मुळात विचारत नव्हती. खाणारा कोण, त्याला आज काय होतंय, बाहेर हवा कशी आहे, हे ती आधी पाहत होती. एकच आहार सगळ्यांच्या गळी उतरवणाऱ्या आजच्या सल्ल्यांमध्ये हे पाहणंच नेमकं हरवलं आहे.