टेलचं पाणी

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. पाणी आधी बारामतीकडं, मग उरलं तर आमच्याकडं. वरच्या लोकांचा ऊस भिजायचा आणि आमच्या चारीला नुसती ओल यायची. "पाणी टेलपासनं वर द्या," हे कालव्याच्या साहेबांना सांगण्यात आमच्या आण्णांची निम्मी हयात गेली.

रात्रीची पाळी आली की आमच्या रानात दारं धरायला गावकुसाबाहेरच्या वस्तीतले एक मामा येत. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. मामा चिखलात उभे आणि हा बांधावर कंदील धरून. त्या वेळी मी घरात दिव्याखाली गणितं सोडवत असे. सकाळी तो वर्गात पेंगायचा आणि मार खायचा.

1986 साली बारावी झाल्यावर आम्ही दोघांनी पुण्यातल्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजला अर्ज केला. मला 81 टक्के, त्याला 74. यादी बघायला शिवाजीनगर स्टँडवर एकाच एसटीतून उतरलो. यादीत त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. मी म्हणालो, "तुमचं बरंय लेका, बसल्या जागी मिळतं." तो काही बोलला नाही. परतीच्या गाडीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

घरी आण्णाही चिडले. पण पुढच्याच महिन्यात कालव्यावरच्या बैठकीत ते साहेबांना म्हणाले, "वरच्याचं रान कालव्याला लागून हाय, ही काय त्याची हुशारी व्हय? त्याचा ऊस आणि माझा ऊस एका मापानं कसा मोजता?" मामा मागं उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. टेलच्या माणसालाही त्याच्याखाली कुणीतरी असतं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

माझे 81 टक्के खोटे नव्हते, मी अभ्यास केला होता. पण त्यात त्याच्या जागरणाचाही हिस्सा होता, आणि तो गुणपत्रिकेवर कुठं लिहिलेला नसतो. पुण्याच्याच जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं, की महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यातून मिळणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. शाहू महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कोल्हापुरात वसतिगृहंही उभी केली. नुसती जागा देऊन भागत नाही, रात्री अभ्यासाला दिवा आणि झोपायला छप्पर लागतं, हे त्यांना कळलं होतं.

म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. आता मी कोथरूडला राहतो. मुलीला क्लास, वेगळी खोली, सगळं मिळालं. दोन गुणांनी तिचं कॉलेज हुकलं तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, पण यात माझी काय चूक?" चूक तिची नव्हतीच. पाणी टेलपासून दिलं की वरच्याचा ऊस थोडा वाळतो, आणि तो वाळला हे खरंच असतं. ते नाकारून न्यायाची बाजू बळकट होत नाही. टेलला कुणी विहीर पाडली असेल तर त्यानं पाळी सोडावी का, हाही प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यानं आधी स्वतःच्या विहिरीत डोकावावं.

आता आमचीच भावकी आरक्षण मागते आहे. 2018 चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 5 मे 2021 ला रद्द केला, 2024 मध्ये 10 टक्क्यांचा नवा आला. शेतीचे तुकडे झालेत, पोरं हवालदिल आहेत. त्यांचं दुःख मला परकं नाही. एवढंच वाटतं, की 1986 साली मी जे वाक्य बोललो, ते आता आमच्या पोरांना कुणी ऐकवू नये. आणि आमच्या पोरांनीही ते कुणाला ऐकवू नये.

तो निवृत्त होऊन गावी आला आहे. गेल्या दिवाळीत चारीच्या कडेला बसलो होतो. म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो होतो." तो बराच वेळ पाण्याकडं बघत होता. मग म्हणाला, "यादीचं सोड. मला तेव्हा झोप लई यायची, एवढंच ध्यानात हाय."