बालकाचे वचन आणि पालकाचे दायित्व

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले म्हणजे अनेक घरी मुलांच्या दप्तरातून एक छापील कागद येतो. शाळेत स्काऊटचे, म्हणजे बालवीरांचे, पथक निघत आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पालकांची संमती आणावी, असा त्याचा मजकूर असतो. हा कागद हाती आला की पालकांच्या मनात साधारणपणे तीनच प्रश्न उठतात. गणवेशास किती खर्च येईल? अभ्यासाचा वेळ किती जाईल? आणि पुढे प्रमाणपत्राचा काही उपयोग होईल काय? हे प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि व्यवहार सोडून संसार चालत नाही, हेही खरे. परंतु ज्या कागदावर आपण सही करतो, त्याच्या मुळाशी एक निराळाच प्रश्न आहे. आपले मूल तेथे जाऊन एक वचन देणार आहे. दहा वर्षांच्या बालकास वचन देता येते काय? आणि देता येत असेल, तर ते पाळण्यात आपला वाटा कोणता? ह्या लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ही संस्था आहे तरी काय, ते पाहू. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्या मुलांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशी कामकरी वर्गातीलही होती. पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि ही कल्पना जगभर पसरली. हिंदुस्थानात १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले, तर १९११ मध्ये जबलपूर येथे मुलींचे. परंतु त्या आरंभीच्या पथकांत प्रवेश होता तो युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच. आपल्या मुलांना दार बंद होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मद्रासेकडे डॉ. अॅनी बेझंट यांनी आणि अलाहाबादेस पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी देशी मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर ह्या निरनिराळ्या शाखा एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था झाली व १९५१ मध्ये मुलींची संघटनाही तीत मिळाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ह्यातून एक बोध निघतो. गणवेश, शिट्टी, दोराच्या गाठी, शेकोटी ही बाह्य अंगे तीच असली, तरी ती कोणाच्या हाती आहेत आणि कोणत्या बुद्धीने चालविली जातात, ह्यावर सारे अवलंबून असते. म्हणून पालकाने नुसते नाव पाहून समाधान मानू नये; पथक पाहावे.

आता वचनाकडे वळू. बालवीराच्या प्रतिज्ञेचे तीन भाग आहेत. ईश्वराविषयी व देशाविषयी आपले कर्तव्य, इतरांस साहाय्य, आणि पथकाच्या नियमांचे पालन. आपल्या देशात ज्यास 'ईश्वर' हा शब्द उच्चारावयाचा नसेल त्यास त्याऐवजी 'धर्म' म्हणण्याची मुभा ठेविलेली आहे. ही प्रतिज्ञा मूल आपल्या प्रतिष्ठेची आण घेऊन करते.

ह्यावर आक्षेप असा निघतो की, प्रतिज्ञेस समज हवी, आणि दहा वर्षांच्या मुलास देश म्हणजे काय व ईश्वर म्हणजे काय ह्याची समज कोठून असणार? न समजता घेतलेली शपथ ही पोपटपंची होय. आक्षेप हलका नाही. परंतु ह्याच न्यायाने पाहिले तर आपल्याकडे मुंजीत बटूकडून जे नियम वदवून घेतले जातात, तेही त्या वयात पुरतेपणी कोणास कळतात? समज आधी आणि आचरण मागाहून, असा क्रम ग्रंथात शोभतो. घरात पुष्कळदा उलट घडते. मूल आधी नमस्कार करावयास शिकते आणि नमस्कार कशासाठी, हे त्यास वीस वर्षांनी कळते. शिवाय ह्या प्रतिज्ञेतील एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. मूल अमुक करीनच असे म्हणत नाही. होईल तेवढा प्रयत्न करीन, असे म्हणते. फळाची हमी देणे बालकाच्या शक्तीबाहेरचे आहे. प्रयत्नाची हमी मात्र बालकासही देता येते. म्हणून ही प्रतिज्ञा त्या वयास अन्यायाची होत नाही, असे माझे मत आहे.

तथापि प्रतिज्ञेचा तिसरा भाग, म्हणजे आज्ञापालनाचा, पालकांनी अधिक बारकाईने तपासला पाहिजे. आपल्या परंपरेत वचनाचे माहात्म्य थोर आहे. पण वचनाची मर्यादाही आपल्याच परंपरेने सांगितली आहे. महाभारताच्या कर्णपर्वात अर्जुन आपल्या प्रतिज्ञेच्या आहारी जाऊन धर्मराजावरच खड्ग उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्यास कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने लपलेल्या निरपराध माणसांची वाट दरोडेखोरांस दाखविली. ती माणसे मारली गेली, आणि व्रत अक्षरशः पाळूनही कौशिक अधोगतीस गेला. अर्थ स्पष्ट आहे. ज्या वचनपालनाने दुर्बलाचा घात होतो, ते पालन पुण्य नव्हे.

ही गोष्ट केवळ पुराणातली आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील बालवीरांच्या सर्वांत मोठ्या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पूर्वीच्या अनेक दशकांत ज्यांच्यावर बालवयात पथकातील प्रौढांकडून लैंगिक अत्याचार झाले, अशा ८२,००० हून अधिक व्यक्तींनी तिच्यावर दावे दाखल केले होते. त्यांच्या भरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरांचा निधी ठरला. ह्या मुलांचे आईबाप बेफिकीर होते असे नव्हे. त्यांनी संस्थेच्या नावावर विश्वास टाकला आणि मुलांनी मोठ्यांची आज्ञा मानली. म्हणून स्काऊट वाईट, असा निष्कर्ष मी काढीत नाही. जेथे जेथे मुले आणि अधिकारसंपन्न प्रौढ एकत्र येतात, तेथे हा धोका असतो. शाळेत, शिकवणीत, आखाड्यात, आणि स्पष्टच सांगावयाचे तर देवळातही. परंतु मुलाकडून आज्ञापालनाचे वचन घेऊ देणाऱ्या पालकाने त्यास आणखी एक गोष्ट शिकविलीच पाहिजे. ती अशी की, कोणतेही वचन अन्यायाविषयी मौन बाळगावयास बांधीत नाही. 'घरी सांगू नकोस' असे जो मोठा माणूस म्हणतो, त्याची ती आज्ञा मोडावयाचीच असते. मुलाने येऊन काही सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवणे हा आपला धर्म. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा अपराधाची माहिती पोलिसांस देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि १०९८ ह्या दूरध्वनीवर मुलांस व पालकांस साहाय्य मिळते. घराण्याच्या अब्रूसाठी बालकाचे दुःख झाकणे हे कौशिकाचेच पातक होय.

ह्यास्तव सहीपूर्वी पालकाने संकोच न करता काही गोष्टी विचाराव्या. पथक संस्थेकडे नोंदलेले आहे काय? शिक्षकाने ह्या कामाचे रीतसर शिक्षण घेतले आहे काय? सहलीत व शिबिरात निदान दोन प्रौढ असतात काय, आणि कोणी प्रौढ एका मुलास घेऊन एकांतात राहणार नाही असा नियम आहे काय? मुलींच्या शिबिरास स्त्री-शिक्षिका आहेत काय? मुलांचे निजणे मोठ्यांहून वेगळे आहे काय? नदी-तलावाजवळ शिबिर असेल तर पोहण्याची देखरेख कोण करतो? औषधपेटी व जवळचा दवाखाना ह्यांची व्यवस्था काय? चांगला शिक्षक ह्या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्यास बरे वाटते. जो रागावतो, त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच असते.

आणखी एक विषय आपल्यासारख्या देवस्थानाशी संबंध असलेल्या कुटुंबांच्या मनात असतो, पण तो उघड बोलला जात नाही. पथकात सहा-आठ मुलांची एक टोळी असते. ती एकत्र राहते, एका चुलीवर शिजविते आणि एका पातेल्यातून जेवते. घरी मांसाहार वर्ज्य असेल, एकादशीचा उपास असेल, तर तसे शिक्षकास आधीच सांगावे. ते मानले जाते व मानलेही पाहिजे. परंतु भात कोणाच्या मुलाने शिजविला, ह्यावरून आपल्या मुलास पंक्तीतून उठविणे हे मात्र कोणत्याही धर्मात बसत नाही. आपणच सप्ताहाच्या अखेरीस काल्याचा प्रसाद हातावर घेतो. श्रीकृष्णाने सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या, ह्याची ती आठवण. जे आपण मंडपात गातो, ते शिबिराच्या चुलीपाशी नाकारावयाचे असेल, तर कीर्तनास बसण्यात अर्थ काय?

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशी येथे पायरी-पायरीने चढण आहे. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडांसाठी काही जागा राखल्या जातात. ह्या लोभाने कोणी मूल पाठविले तर त्यास दोष देता येणार नाही. कडू औषध गुळाबरोबर द्यावेच लागते. परंतु औषध बाजूस ठेवून नुसता गूळ चारू नये. म्हातारीस रस्ता ओलांडून दिल्याची नोंद वहीत करण्यासाठी म्हातारी शोधणारे मूल सेवा शिकत नाही, हिशेब शिकते. आणि त्या वहीत न केलेली कामे बाप आपल्या हाताने लिहून देत असेल, तर मूल त्याहूनही वाईट काही शिकते.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर येते. बालवीराचा पहिला नियम विश्वासपात्रतेचा आहे. ज्या मुलाने सायंकाळी मैदानावर हे वचन दिले, त्यासच रात्री दाराशी कोणी आले असता 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' असे आपण सांगतो. बसमध्ये अर्धे तिकीट चालावे म्हणून त्याचे वय दोन वर्षांनी कमी करतो. असे झाले म्हणजे मुलापुढे दोनच मार्ग उरतात. वचन मोडावे, की बापाची आज्ञा? हा पेच बालकावर टाकण्याचा अधिकार आपणास नाही. मूल प्रतिज्ञा करते ती एकट्याने. पण ती पाळावयाची असते घरात, घरातल्या माणसांदेखत आणि घरातल्या माणसांच्या आधाराने. म्हणून संमतीच्या कागदावरील आपली सही ही केवळ मुलास जाऊ देण्याची सही नसून, त्याच्या वचनास आपणही बांधलो गेलो अशी कबुली आहे. एवढे मनाशी ठरत असेल, तर मुलास अवश्य पाठवावे. ठरत नसेल, तर गणवेश शिवावयास टाकण्यापूर्वी दोन दिवस थांबून, प्रथम स्वतःशी बोलावे.