हे कोणासाठी?

माझा मामेभाऊ १४ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून ओरडायचा. ‘होईल सवय,’ आम्ही म्हणायचो. वर्षं गेली, सवय झाली नाही. मग मामीने फ्रिजवर दिवसभराचं चित्रांचं वेळापत्रक लावलं. त्यात मिक्सरचंही चित्र आहे. आता ती आधी ते दाखवते, तो गॅलरीत जातो, आवाज थांबला की परत येतो.

मी अ‍ॅप बनवतो. लोकांना बटण सापडलं नाही तर आम्ही बटण बदलतो, लोक नाही. घरात मात्र उलटं चाललं होतं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं एकतर्फी नसतं; आपल्यालाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही.

मामाचं म्हणणं, ‘जग काही चित्र दाखवून मिक्सर लावणार नाही.’ खरं आहे. त्यालाही शिकावं लागेलच. पण काय शिकवायचं हे ठरवताना मी आता एकच विचारतो: हे कोणासाठी? दात घासणं त्याच्यासाठी. रस्ता ओलांडणं त्याच्यासाठी. पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून ‘नमस्कार’ म्हणणं? ते आमच्यासाठी होतं. ते आम्ही सोडून दिलं.