आपपरभाव

करकंबच्या आठवडी बाजारात, जेथे अनेक डाळींच्या झणझणीत बाजार आमटीचा वास पालांपालांतून दरवळतो आणि भाकरी कुस्करून बसलेल्या माणसांच्या पंगतीमागे गावातली कुत्री आपली निराळी पंगत मांडून बसतात, तेथे आमच्या गल्लीतला मोत्या एका बाजारी गैरहजर राहिला, आणि ज्याने आयुष्यात कधी ही हजेरी चुकवली नव्हती त्याचे न येणे मला तेवढ्या गर्दीतही जाणवले. घरी परतताना तो एका पडक्या भिंतीच्या सावलीत आडवा झालेला आढळला. हाक मारली तेव्हा शेपूट हलली, मान मात्र उचलली गेली नाही. पशुवैद्यांनी येऊन त्याची पापणी खाली ओढली, तो गुलाबी असावयाची कड चुन्यासारखी पांढरी पडलेली. कान उलटा केला, तो आत रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढ्या फुगलेल्या गोचिडींची रांग. "गोचीड ताप," ते म्हणाले, आणि पिशवी उघडू लागले. शेजारी उभ्या असलेल्या, नित्यनेमाने कीर्तनाला जाणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र मला निराळाच सवाल केला : "गुरुजी, ह्या मुक्या जिवानं कुठलं पाप केलं आसंल?"

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. मनुष्ययोनी ही कर्मयोनी आणि पशुयोनी ही केवळ भोगयोनी, असा भेद आपल्या शास्त्रकारांनी केला. पशू नवे पाप-पुण्य जोडीत नाही, मागील जन्माची बाकी तेवढी फेडतो, असा त्याचा आशय. हिशेब म्हणून ही मांडणी चोख आहे, पण जमाखर्चाची ती वही ज्याच्या नावावर आहे त्याला ती कधीच वाचता येत नाही, आणि ज्या देण्याची रिणकोला आठवणही नाही त्याच्या वसुलीला न्याय म्हणावे की नुसती जप्ती, हा संशय माझ्या मनातून जात नाही. म्हणून त्या वृद्धांना मी तत्काळ काही बोललो नाही. मोत्याचे पाप शोधण्यापेक्षा मोत्याच्या रक्तात प्रत्यक्ष काय चालले आहे ते आधी समजून घ्यावे, असे मी ठरवले. आणि जे समजले त्याने मूळ प्रश्न सुटला नाही, परंतु त्याहून जुना आणि आपल्या तत्त्वज्ञानाच्या मर्मस्थानी असलेला दुसरा एक प्रश्न समोर येऊन उभा राहिला.

गोचीड रक्त पिते, एवढेच आपल्या लोकांना ठाऊक असते. पण ती नुसती घेत नाही, देतेही. तिच्या लाळेवाटे एक अतिसूक्ष्म एकपेशीय परोपजीवी जंतू कुत्र्याच्या रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींत बिऱ्हाड थाटतो. या कुळातील जंतू व्हिक्टर बाबेश या रुमानियन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये गुरांच्या रक्तात पाहिले, म्हणून त्यांना बाबेसिया हे नाव पडले. आणि त्यांतली आपल्या देशातील कुत्र्यांना विशेष छळणारी गिब्सनी नावाची जात पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासेतील शिकारी कुत्र्यांच्या आणि पुढे कोल्ह्यांच्या रक्तात ओळखली. पाळीव कुत्र्याच्या आणि रानातल्या कोल्ह्याच्या रक्तात एकच भाडेकरू नांदत होता, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

जंतू पेशी फोडतो, म्हणून रक्त कमी होते, असा सरळ हिशेब कोणीही मांडील. परंतु तो जुळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर शंभरांतल्या एखाद-दुसऱ्याच पेशीत जंतू दिसावा, आणि इकडे जनावर मात्र रक्तावाचून पांढरेफटक पडावे, असे या रोगात वारंवार घडते. उरलेले रक्त गेले कोठे? ते शरीराने स्वतःच संपवलेले असते. परक्याला ओळखून त्याच्यावर खूण करण्यासाठी देह जी प्रतिपिंडे तयार करतो, ती या रोगात आपल्याच तांबड्या पेशींवर, पुष्कळदा ज्यांत जंतू नाही अशा निरोगी पेशींवरसुद्धा, जाऊन चिकटतात. आणि पानथरीत पहाऱ्यावर बसलेल्या भक्षक पेशी त्या खुणेवर विसंबून, अधिक चौकशी न करता, आलेल्या पेशीला गिळून टाकतात. पानथरी फुगते, लघवी तांबूस होते, जनावराला कावीळ होते. दरोडेखोर दोन शिरले आणि त्यांच्या शोधात कोतवालाने अर्धी पेठ जाळली, असाच हा प्रकार. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते की आपल्यावरच शस्त्र उगारण्याचे देहाला जणू स्वभावतःच भय असते. आणि दैवाचा खेळ असा, की ज्याला पुढे त्याच एर्लिखचे नाव देण्यात आले तो, गोचिडीच्याच तोंडून शिरणारा एक जिवाणू, कुत्र्याच्या देहाला स्वतःच्या रक्तकणिकांविरुद्ध प्रतिपिंडे करावयास लावतो.

याच कथेचे दुसरे रूप भूमध्य समुद्राच्या काठी दिसते. आपल्या बिहार-बंगालात काळा आजार माणसाकडून माणसाकडे वाळूमाशीमार्फत जातो. त्याचा जंतू लीशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये उजेडात आणला. त्याचाच एक भाऊबंद तिकडे मुख्यतः कुत्र्यांच्या आश्रयाने राहतो, हे शार्ल निकोल याने १९०८ मध्ये ट्युनिस येथे दाखवले. हा जंतू इतका धूर्त, की ज्या भक्षक पेशीने त्याला खावयाचे तिच्याच पोटात तो मुक्काम करतो. त्याची बाधा झालेल्या कुत्र्यांपैकी काहींच्या रक्तात प्रतिपिंडांचा अक्षरशः पूर येतो, तरी ती कुत्री खंगत जातात, कारण पेशीच्या आत दडलेल्यापर्यंत ही प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. उलट त्यांचे गठ्ठे मूत्रपिंडांत साचून तीच निकामी होतात. दुसऱ्या काहींच्या रक्तात असा गाजावाजा आढळत नाही. तेथे देह आपल्या भक्षक पेशींनाच आतून बळ देतो, जंतू आटोक्यात राहतो, आणि ती कुत्री वर्षानुवर्षे धडधाकट हिंडतात. ज्याचा प्रतिकार मोठ्या आवाजाचा तो वाचतो असे नाही. ज्याचा प्रतिकार अचूक, तो वाचतो.

आता तो जुना प्रश्न. अद्वैत वेदान्त सांगतो की आप आणि पर हा भेदच अविद्येतून उपजतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाची समदृष्टी सांगताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या बरोबरीने कुत्र्याचाही उल्लेख मुद्दाम केलेला आहे. आणि करकंबहून जो रस्ता पंढरपुरास जातो त्याच्या शेवटी, ज्या नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली असे परंपरा सांगते, त्यांची पायरी आहे. उलट देह सांगतो की आपपरभाव क्षणभर जरी विसरलो तरी माझा अंत ओढवेल. माझी त्वचा, माझा ताप, माझी पानथरी या साऱ्या भेदावरच उभ्या आहेत. मग खरे कोणाचे? संतांचे, की रक्ताचे?

या पेचातून सुटण्यासाठी आपल्या पंडितांनी एक वाट फार पूर्वी काढून ठेवली : दर्शन सम असावे, वर्तन सम असण्याची गरज नाही, परमार्थात अभेद, व्यवहारात भेद. ही वाट दिसावयास सोयीची आहे, पण ती कोठे जाऊन पोहोचली हे पंढरपुराच्या आसपास राहणाऱ्याने तरी विसरू नये. याच सोयीच्या आधाराने चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवण्यात आले, आणि तो दरवाजा त्यांच्या वंशजांस खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. ज्यांच्या श्रमावर गाव जगत होता त्यांच्याच कपाळी गावाने परकेपणाचा शिक्का मारला आणि पहारेकऱ्यांनी त्या शिक्क्यावर विसंबून, अधिक चौकशी न करता, त्यांस हाकलले. मोत्याच्या पानथरीत जे घडले त्याचे वर्णन मी याहून वेगळ्या शब्दांत केलेले नाही. शुद्धतेच्या नावाने आपलेच रक्त वाळीत टाकणारा समाज स्वतःस निरोगी समजत असेल, पण त्याची पापणी खाली ओढून कोणी पाहिली पाहिजे.

तेव्हा भेद असावा की नसावा, हा वाद मला आता चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. हद्द हवीच, परंतु त्या हद्दीवर शिक्का मारणाऱ्याची नजर किती स्वच्छ आहे, हा खरा प्रश्न आहे. संतांचा अभेद म्हणजे वेस पाडून टाकणे नव्हे, तर वेशीवर उभे राहूनही आपल्याला परके न समजणे आणि परक्याचाही द्वेष न करणे. या द्वेषरहित रक्षणाची एक खूणगाठ, आश्चर्याची गोष्ट अशी की, याच रोगात सापडते. अल्जीरियात हिवतापावर आणि गुरांच्या अशाच रक्तरोगांवर आयुष्य वेचलेल्या एदमों सेर्जां या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या रोगांतून उठलेल्या जनावराच्या रक्तात जंतू पुष्कळदा शिल्लक असतो, फार थोडा, दबलेला, आणि तो शिल्लक असतो तोवर नव्या हल्ल्यापासून जनावराचे बऱ्याच अंशी रक्षण होते. यास विजय म्हणता येत नाही आणि पराभवही म्हणता येत नाही. हा एक तह आहे, आणि तो रोज जागता ठेवावा लागतो, कारण असे बरे झालेल्या कुत्र्याची पानथरी काढून टाकली तर दबलेला जंतू पुन्हा डोके वर काढतो. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नायनाट मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा गळून पडावा एवढेच मागितले. त्या मागण्याचा अर्थ मला पूर्वी केवळ औदार्याचा वाटे, आता त्यात एक व्यवहारही दिसतो.

येथे एक इशारा मी स्वतःलाच देतो. निसर्ग नीतीचा गुरू नव्हे. जंतूशी तह होतो म्हणून अन्यायाशी तह करावा, असा निष्कर्ष काढणे म्हणजे दाखल्याचा दुरुपयोग होय. आणि तो तह होण्यापूर्वी असंख्य पिल्ले मरून जातात, हेही विसरता येत नाही. पशुवैद्यांनी मोत्याला औषध टोचले नसते तर त्याच्या देहातील हे तत्त्वज्ञान दोन दिवसांत मातीस मिळाले असते. त्यांचीही पंचाईत मोठी होती : देहाचा हा अतिरेकी प्रतिकार औषधाने दाबावा तर जंतू माजण्याची भीती, आणि मोकळा सोडावा तर उरलेले रक्त जाण्याची. त्या मधल्या अरुंद वाटेने ते जपून गेले. राहता राहिली गोचीड. तीही जीवच. तिला उपटून रॉकेलच्या वाटीत टाकताना हात क्षणभर थबकला हे मी कबूल करतो. तरीही टाकली, आणि पुन्हा प्रसंग आला तर टाकीन. मात्र तिचा राग आला नाही, आणि एवढा फरकसुद्धा पुष्कळ आहे असे मला वाटते.

त्या वृद्ध गृहस्थांना मी पुढे एकदा उत्तर दिले. म्हणालो, "मोत्यानं पाप केलं नाही, दादा. त्याच्या रक्ताची ओळख चुकली." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आपल्यासारखंच झालं की." याउपर मला सांगण्यासारखे काही उरले नाही.

मोत्या बाजारात पुन्हा येऊ लागला आहे. बरगड्या अजून मोजता येतात, आणि त्याच्या रक्तात तो जंतू कदाचित आजही असेल. नामदेवांची तुपाची वाटी आपणा सर्वांच्या घरी नसते. पण ज्या कुत्र्यापुढे आपण भाकरीचा तुकडा टाकतो त्याचे कान उलटून पाहण्यास, बोटांच्या बेचक्या चाचपण्यास आणि गोचिडी जेथे दडतात त्या भिंतीच्या भेगा लिंपून घेण्यास काही खर्च पडत नाही. वाचकांनी एवढे करावे.