सेवाज्येष्ठता आणि न्याय

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेले टपाल जे. आर. डी. टाटा यांनी अहमदाबादमार्गे मुंबईस आणले आणि तेथून नेव्हिल विन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला पोहोचविले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा, आणि पर्यायाने एअर इंडियाचा, आरंभ या उड्डाणापासून मानला जातो. वाट एक होती आणि वैमानिक दोनच होते. त्यांत आधी कोण व मागून कोण, हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. पुढे माणसे वाढली, पदे निर्माण झाली आणि क्रम लावणे अपरिहार्य ठरले. १ ऑगस्ट १९५३ रोजी एअर इंडियाच्या देशांतर्गत मार्गांसह आठ कंपन्यांच्या सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. मद्रास हे त्याच्या दक्षिण विभागाचे केंद्र झाले. परदेशी उड्डाणे स्वतंत्र महामंडळाकडे राहिली. चोपन्न वर्षांनी, २००७ मध्ये, ही दोन्ही घरे पुन्हा एका छपराखाली आणली गेली. तेव्हा एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या तीव्रतेने पुढे आला : दोन रांगा एक करावयाच्या, तर कोणी कोणाच्या मागे उभे राहावे?

सेवाज्येष्ठता ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटते. वैमानिकाच्या बाबतीत ती तशी नाही. सहवैमानिकाच्या उजव्या आसनावरून कमांडरच्या डाव्या आसनावर केव्हा जावयाचे, मोठ्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला आधी मिळावयाचे, बदलीची वेळ आली तर चेन्नईतले बिऱ्हाड कोणी हलवावयाचे, हे सारे बहुतांशी यादीतल्या एका आकड्यावर अवलंबून असते. या व्यवस्थेवर गुणवत्तेकडे डोळेझाक करण्याचा आरोप होतो. परंतु वैमानिकाची पात्रता ठरावीक काळाने पुनःपुन्हा तपासली जाते. जो तीत उतरत नाही त्याला ज्येष्ठता वाचवू शकत नाही. पात्र ठरलेल्यांमध्ये पुढचा कोण, एवढेच ज्येष्ठता सांगते. तिची खरी महत्ता आणखी एका गोष्टीत आहे. तारखेला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. वरिष्ठांचा लोभ, जात, भाषा, नाते यांपैकी कशानेही ती मागेपुढे सरकत नाही. दुर्बलाला मर्जीपासून मिळालेले संरक्षण, हे ज्येष्ठतेचे नैतिक अधिष्ठान होय.

मात्र हा आकडा स्वयंभू नसतो. तो एका विशिष्ट यादीतला असतो आणि त्या यादीबाहेर त्याला अर्थ नसतो. एका घरातल्या थोरल्या मुलाचे थोरलेपण शेजारच्या घरात चालत नाही. दोन्ही घरांतली भिंत पाडली, की दोन थोरले समोरासमोर येतात, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक लहान विमानांवर देशांतर्गत उड्डाणे करीत. उड्डाणे पुष्कळ, म्हणून तेथे कमांडरपद तुलनेने लवकर लाभे. एअर इंडियाची मोठी विमाने थोडी, पल्ला लांबचा. तेथील सहवैमानिकाला त्याच पदासाठी अधिक वर्षे थांबावे लागे. समजा, एकाच वर्षी दोन तरुण दोन संस्थांत रुजू झाले. चेन्नईहून उड्डाणे करणारा पहिला आधी कमांडर झाला, मुंबईहून युरोपला जाणारा दुसरा सहवैमानिकच राहिला. संयुक्त यादी रुजू झाल्याच्या तारखेने लावली, तर पहिल्याने कमांडर म्हणून घालविलेली वर्षे हिशेबात येत नाहीत. ती कमांडरपदाच्या तारखेने लावली, तर दुसऱ्याला आपल्या संस्थेच्या संथ गतीची शिक्षा भोगावी लागते. दोन्ही याद्या प्रमाणशीर गुंफल्या, म्हणजे वरच्या दशांशातला तेथीलही वरच्या दशांशात ठेवला, तर कोणाच्याच प्रत्यक्ष सेवाकालाला पुरता मान मिळत नाही. तिन्ही तत्त्वांत न्यायाचा अंश आहे, आणि प्रत्येकाला एकेक बळी हवा आहे. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण येथे दोन्ही पक्ष सारख्याच प्रामाणिकपणे परस्परांना लावू शकतात.

२००७ चे विलीनीकरण कायद्याने पुरे झाले; माणसांचे एकत्रीकरण मात्र ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवण्यात आले. दोन्ही गटांच्या संघटनाही निराळ्याच राहिल्या : एकीकडे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, दुसरीकडे इंडियन पायलट्स गिल्ड. २०११ च्या एप्रिलअखेरीस पहिल्या संघटनेने मुख्यतः वेतनसमानतेसाठी संप केला. त्याच वर्षी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात दुसरी संघटना उठली. येऊ घातलेल्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्यास तिचा विरोध होता. विमानांची मागणी विलीनीकरणापूर्वी एअर इंडियाने नोंदविली होती, तेव्हा त्यांवरची बढतीची संधी आपली, असा तिचा युक्तिवाद. हा संप जुलैच्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, चालला. वर्तमानपत्रांतून या भांडणाची संभावना मोठ्या पगारदारांचा हेकटपणा म्हणून झाली. प्रवाशांचे हाल पाहता तो राग समजण्यासारखा होता. पण रागाने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप भारतीय वाचकाला महाभारतात भेटते. धृतराष्ट्र ज्येष्ठ, परंतु अंध. म्हणून राज्य पंडूकडे गेले. पुढच्या पिढीत युधिष्ठिर वयाने दुर्योधनाहून मोठा. पण दुर्योधन ज्येष्ठ भावाचा ज्येष्ठ पुत्र. एका यादीत पित्याचे ज्येष्ठत्व मोजावयाचे, दुसरीत स्वतःचे. आणि पांडव वनातून हस्तिनापुरात परतल्यावर दोन्ही याद्या एकाच दरबारात आल्या. दुर्योधनाच्या कृत्यांचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि त्याच्या दाव्याला आधारच नव्हता, असेही म्हणता येत नाही. शोकांतिकेचे एक मूळ येथे आहे की, क्रमाचा निर्णय ज्यांनी वेळेवर द्यावयाचा, ते भीष्मासारखे वडीलधारे निर्णय लांबवीत राहिले. तोवर प्रत्येक पक्ष आपल्या आकड्याशी एकरूप झाला.

आधुनिक महाराष्ट्रानेही असा अनुभव घेतला आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला मराठवाडा, मध्यप्रदेशातला विदर्भ आणि जुने मुंबई राज्य यांचे शासकीय सेवक एका प्रशासनात आले. तहसीलदाराची पायरी एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवाशर्ती सेवकाच्या तोट्याच्या होऊ नयेत, अशी तरतूद पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात होती. परंतु बढतीची संधी ही सेवाशर्त आहे काय? १९७३ साली मराठवाड्यातून आलेल्या महसूल अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की बढतीसाठी विचार होणे हा हक्क. बढतीची निव्वळ शक्यता हा हक्क नव्हे.

कायदा म्हणून हा भेद आवश्यक आहे. प्रत्येक आशेला हक्क मानले, तर कोणतीही संस्था बदलू शकणार नाही. पण नीतीचा प्रश्न कायद्याच्या उत्तराशी संपत नाही. ज्येष्ठतेवर चालणाऱ्या सेवेत माणूस आपली उमेदीची वर्षे कमी वेतनावर, गैरसोयीच्या पाळ्यांवर घालवितो, ती कशाच्या भरवशावर? पुढच्या पायरीच्या आशेवरच. संस्थेने ही आशा नुसती सहन केलेली नसते; तिच्या बळावर काम करून घेतलेले असते. अशी आशा हक्क नसेल, पण ती ऋण आहे. न्यायालयात वसूल न होणारे ऋण ऋण नसतेच, असे कोणतीही नीती म्हणत नाही.

हे ऋण नाकारले म्हणजे काय होते, हे अमेरिकेत दिसले. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली, तेव्हा त्या कंपनीतल्या हवाई परिचारिका व परिचारक यांना सबंध यादीच्या तळाशी जोडण्यात आले. दशकानुदशकांची सेवा एका फटक्यात शून्यावर आली. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. लवादाने २००७ मध्ये दिलेला क्रम संख्येने मोठ्या गटाला मान्य झाला नाही. बहुमताच्या जोरावर त्याने जुनी संघटनाच बदलली, आणि पुढे कित्येक वर्षे एकाच नावाच्या कंपनीतले दोन गट निरनिराळ्या करारांखाली उडत राहिले. पहिल्या उदाहरणात विकत घेणाऱ्याचे बळ क्रम ठरविते, दुसऱ्यात डोक्यांची संख्या त्रयस्थाचा निर्णय अडविते. मर्जीपासून संरक्षण म्हणून जन्मलेली ज्येष्ठता अशा वेळी बळाची दासी होते. २००७ च्या डिसेंबरात तेथील कायद्याने एकत्रीकरण ‘न्याय्य व समतोल’ असण्याचे बंधन घातले, ते या अनुभवानंतर.

न्याय्य म्हणजे काय, याचे सूत्र कोणत्याही एका तारखेत सापडणार नाही. ते पद्धतीत शोधावे लागते. जॉन रॉल्स या तत्त्वचिंतकाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात सुचविले, की समाजात आपले स्थान कोणते हे ठाऊक नसताना माणसे जे नियम पत्करतील, ते न्याय्य. ज्येष्ठतेच्या वादाला हा विचार विलक्षण लागू पडतो, कारण येथे प्रत्येकाला आपला आकडा ठाऊक असतो आणि त्याला अनुकूल तत्त्व त्याला सनातन सत्य वाटू लागते. म्हणून एकत्रीकरणाचा नियम विलीनीकरणाच्या करारापूर्वी, त्रयस्थाच्या साक्षीने ठरावा. तोटा अटळ असेल तर तो दोन्ही बाजूंनी वाटून घ्यावा आणि एकाच गटाच्या माथी मारू नये. ज्याने डावे आसन मिळविले आहे त्याचे ते जाऊ नये, आणि जो त्याच्या उंबरठ्याशी आहे त्याला काही काळ संरक्षण असावे. यात कोणालाच सारे मिळणार नाही. युद्धापूर्वी पांडवांनी पाच गावांवर समाधान मानण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्यांनी आपला दावा खोटा म्हटला नव्हता. पुरता दावा वसूल करण्याची किंमत त्यांनी ओळखली होती.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तीत विलीन झाली. १९३२ साली ज्या समूहाचे टपाल मद्रासला उतरले, त्याच समूहाच्या छत्राखाली आता निरनिराळ्या घरांतून आलेले वैमानिक चेन्नईच्या धावपट्टीवर उतरतात. एका विमानात शेजारी बसलेल्या त्या दोघांना परस्परांवर विसंबल्यावाचून गत्यंतर नसते. कोणाचा क्रमांक वरचा, याहून ‘तो क्रमांक आपल्याला फसवून लावलेला नाही’ हा विश्वास तेथे अधिक मोलाचा. तो विश्वास कोणतीही यादी आपोआप देत नाही. यादी करणाऱ्यांना तो आधी कमवावा लागतो.