तीन टोकं

कुरखेड्यात एक मिस्त्री होता. धानाच्या गिरणीचं इंजिन, शेतावरचा पंप, ट्रॅक्टर, जीप, जे दारात येईल ते तो उघडायचा आणि चालतं करून द्यायचा. त्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. पोराचा कान तिखट होता. गाडी वळणावर असतानाच तो सांगायचा, हिचा व्हॉल्व सैल झाला आहे.

गॅरेजच्या मागे मोहाच्या झाडाखाली एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी होती. मालकाने तिचा नाद सोडला होता आणि कागदांसह ती मिस्त्रीला देऊन टाकली होती. एका उन्हाळ्यात मिस्त्रीने चावी पोराच्या हातात ठेवली.

"घे बाबू. ही तुई पहिली गाडी. जशी वाटते तशी बांध."

पोराला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो आला तो ठरवूनच.

"काका, पद्मिनीचं इंजिन काढून टाकतो. मले रोटरी बसवायचं हाय."

मिस्त्रीने रोटरी इंजिन पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. "सांग," तो म्हणाला, आणि पोराने सांगितलं. त्यात पिस्टन वर-खाली होत नाही. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर मधे दबलेल्या लंबगोल घरात फिरतो. त्याची तीन टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, म्हणून तीन बाजूंना तीन कप्पे होतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल येतं, तेच पुढे दाबलं जातं, पेटतं आणि बाहेर पडतं. व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही. दोन रोटरच्या इंजिनात फिरणारे मुख्य भाग तीनच, दोन रोटर आणि एक शाफ्ट. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलने ही कल्पना काढली आणि 1957 मध्ये असं पहिलं इंजिन चाललं. जपानच्या माझदाने ते गाड्यांत बसवलं, आणि 1991 मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रोटरीच्याच गाडीने जिंकली.

"त्यांचं तेरा-बी नावाचं इंजिन हाय, काका. 1308 सीसी. एकट्या माणसाले उचलता येईल एवढंसं दिसते, पण ताकद पहा."

"मिळते कुठं?"

"जपानातून जुनं मागवता येते. तेंदूपानाचे पैसे ठेवले हायेत मी. अजून जमवतो." मग तो जरा जोरात म्हणाला, "देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी नाई का केली गाडी?"

त्या गाडीची गोष्ट मिस्त्रीलाही माहीत होती. सांगली जिल्ह्यातल्या या कारागिराने भंगारातले भाग जोडून छोटी जीप बनवली होती. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. 2021 च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली होती.

"केली ना," मिस्त्री म्हणाला. "मोठं काम केलं त्या माणसानं. पण सामान कोणतं घेतलं त्यानं? जे त्याच्या हाताले ओळखीचं होतं ते."

पोरगा गप्प बसला, पण त्याचं मन वळलं नव्हतं. मिस्त्रीने ते ओळखलं. त्याने नाही म्हटलं नाही.

"असं कर. इंजिन मागवायच्या आधी एक लाकडाचं करून दाखव मले. ते चाललं का मग मी पण पैसे घालतो."

पोरगा आनंदाने कामाला लागला. सुताराकडून त्याने सागाच्या फळीचा तुकडा आणला. घराचा आकार कसा काढायचा ते त्याने शोधून काढलं होतं. प्लायवुडची एक मोठी चकती कापली आणि तिच्या निम्म्या व्यासाची दुसरी लहान. लहान चकतीला केंद्रापासून थोडं बाजूला भोक पाडून त्यात पेन्सिल घातली. मोठी चकती कागदावर खिळली आणि तिच्या काठाने लहान चकती घसरू न देता गोल फिरवली. पेन्सिलीने दोन फुगवटे आणि मधे दोन दबलेल्या बाजू असा आकार काढला. सुतार हातातलं काम टाकून पाहत राहिला.

मग तिकोनी रोटर कोरला गेला, पॉलिश झाला. पावसाची पहिली सर आली त्या दिवशी पोराने तो घरात बसवला आणि हाताने फिरवला. तीन टोकं भिंतीला घासत गेली, कप्पे लहान-मोठे होत गेले. मिस्त्रीने चष्मा पुसून पुन्हा फिरवायला लावलं. "काय डोकं हाय गा त्या माणसाचं!" तो मनापासून म्हणाला.

मग त्याने वाटीभर पाणी आणलं. "ह्या एका कप्प्यात वत. पलीकडच्यात जाता कामा नये."

पाणी लगेच पलीकडे गेलं.

पोराने टोकांना खाचा पाडल्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या. पट्टी घट्ट बसवली की रोटर फिरेना. सैल केली की पाणी पाझरे. मधलं माप सापडलं असं वाटे, तर चार फेऱ्यांत पट्टी झिजे. त्याने चामडं लावून पाहिलं, पत्रा लावून पाहिला. पत्र्याने भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पाडले. धानाची रोवणी झाली, निंदण झालं, सती नदीचा पूर आला आणि ओसरला, आणि पोरगा त्या तीन टोकांपाशीच होता.

एका संध्याकाळी तो मिस्त्रीजवळ येऊन बसला.

"काका, मी वाचलं. माझदाच्या लोकांचं पण असंच झालं होतं. आतल्या भिंतीवर ओरखडे पडत होते. ते त्याले सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोटो नावाचा इंजिनिअर होता, त्याच्यासंगं सेहेचाळीस जण. साऱ्यांनी वर्षं घालवली ह्याच टोकांवर. कार्बन आणि ॲल्युमिनियम मिसळून सील बनवले, तवा 1967 मध्ये त्यांची कॉस्मो रस्त्यावर आली."

"आणि ज्यांनी घाई केली त्यांचं?"

"जर्मनीची एनएसयू कंपनी. त्यांची आरओ 80 गाडी सुंदर होती, पण टोकांचे सील झिजत. हमीवर इंजिनं बदलून देता देता कंपनी थकली. 1969 मध्ये ती ऑटो युनियनमध्ये गेली."

मिस्त्री थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने साधं विचारलं, "तुया गाडीतला सील गेला तर कोरचीच्या घाटात कोण देईन?"

पोराने उत्तर दिलं नाही. त्याने लाकडी रोटर कपड्यात गुंडाळला, फळीवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मिनीचं बॉनेट उघडलं.

इंजिन तिचंच होतं. चार सिलिंडर, 1089 सीसी. हेड काढलं तर पिस्टनवर काळ्या कार्बनचा थर आणि रिंगा खाचेत चिकटलेल्या. पोराने त्या रॉकेलमध्ये भिजवून एकेक सोडवल्या. सिलिंडर झिजले होते म्हणून ब्लॉक वडशाच्या गाडीने पुढे पाठवून बोअर करून आणला. नवे पिस्टन मुंबईच्या जुन्या सामानवाल्याकडून आले. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, पण तिचं सामान अजून मिळत होतं. आरसी बुकातला इंजिन नंबर तोच राहिला, त्यामुळे गडचिरोलीच्या आरटीओत इंजिन बदलाची परवानगी मागावी लागली नाही. नोंदणीचं नूतनीकरण झालं.

पुढच्या पावसाळ्यात पोरगा आईला घेऊन कोरचीला निघाला आणि घाटात गाडी धडधडून बंद पडली. पाऊस चालू होता. त्याने कार्बोरेटर उघडला, जेट काढला, उजेडाकडे धरून पाहिला. बारीक भोकात कचरा अडकला होता. तोंडाने फुंकर मारून तो साफ केला. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला थांबला, त्याने बॅटरी धरली, आणि कुठला स्क्रू किती फिरवायचा हेही त्यालाच ठाऊक होतं. गाडी सुरू झाली. आई मागच्या सीटवर शांत बसून होती. तिला वाटलं, गाड्या थांबतात आणि चालू होतात, एवढंच असतं.

त्या पोराचं स्वप्न खोटं नव्हतं, आणि रोटरी इंजिनही वाईट नाही. माणसाने लोखंडात केलेल्या देखण्या कामांपैकी ते एक आहे. पण पहिली गाडी आपल्याला बिघाड ओळखायला शिकवते, आणि हातातलं काम पूर्ण करायला शिकवते. त्यासाठी इंजिन असं लागतं की जे बिघडलं तर आपल्या गावात, आपल्या पान्यांनी, आपल्या माणसांच्या मदतीने उभं करता येईल. मिस्त्रीने हे तोंडाने सांगितलं असतं तर पोराने ऐकलं नसतं. त्याने पोराला त्या तीन टोकांपर्यंत स्वतःच्या हातांनी जाऊ दिलं. शिकवणाऱ्यांनी एवढा धीर धरावा.

पोराने रोटरीचा विचार सोडलेला नाही. तो आता लेथवर काम शिकतो आहे, आणि रोटरीसाठी ठेवलेले तेंदूपानाचे उरलेले पैसे त्याने वेगळे ठेवले आहेत.